दगडफुलाच्या पुडीपासून प्रयोगशाळेपर्यंत: शैवाकांचा अभ्यास कसा करावा

गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल म्हणजे वाळलेलं शैवाक, ज्याला लायकेन म्हणतात ते. अभ्यासाची सुरुवात करायला याहून स्वस्त साहित्य नाही. मसाल्याच्या दुकानातून ५० ग्रॅम दगडफूल आणा आणि पांढऱ्या कागदावर पसरा. वाळलेले तुकडे चुरतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारून पाच मिनिटं थांबा. मऊ झाले की दहापट भिंगाखाली एकेक तुकडा पाहा.

सगळी पुडी एकाच जातीची नसते, हे लगेच कळतं. रुंद पाळ्यांचे (पानासारख्या पसरट भागांचे), वरून राखाडी आणि खालून काळे तुकडे बहुधा पार्मोट्रेमा या प्रजातीचे असतात. त्यांची खालची कड तपकिरी आणि तंतू नसलेली दिसते. त्यातही पाळीच्या कडेला पिठासारखी भुकटी (सोरेडिया) आणि काळे केस असतील, तर पार्मोट्रेमा पर्लॅटमकडे बोट जातं. पृष्ठभागावर बारीक खुंट (इसिडिया) उभे असतील आणि कडेला केस नसतील, तर पार्मोट्रेमा टिंक्टोरम. वरच्या सालीवर पांढऱ्या भेगांची जाळी असेल, तर पार्मोट्रेमा रेटिक्युलॅटम. अरुंद पट्ट्यांसारखे, कडेने काळे केस असलेले तुकडे हायपोट्रॅकायना सिऱ्हाटाचे. जुन्या पुस्तकांत तिला एव्हर्नियास्ट्रम म्हटलेलं आढळेल. मधूनच दाढीच्या केसांसारखी अस्निया निघते, शिवाय सालीचे कपटे, शेवाळ आणि माती.

हे ढीग जपून ठेवा, रंगचाचण्यांच्या वेळी कामाला येतात. मात्र या पुडीवरून जैवविविधतेची नोंद करता येत नाही. बाजारातला बराचसा माल हिमालयाच्या उतारांवरून येतो आणि कुठला तुकडा कुठल्या झाडावरचा, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. ‘बाजारातल्या दगडफुलाचा अर्क’ घेऊन औषधी गुण मोजण्यातला घोटाळाही हाच आहे. चार जातींच्या मिश्रणात एखादा गुण सापडला, तरी तो कोणाच्या खाती मांडणार? आधी नाव, मग रसायन, हा क्रम मोडला की पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

ओळखीपुरतं

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. कधी हिरव्या शैवालाऐवजी नॉस्टॉकसारखा नीलहरित जीवाणू असतो, तर कधी दोन्ही. ही जोडी आहे असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८६०च्या दशकात मांडलं, तेव्हा त्यांची चेष्टा झाली होती. शैवाकाला जे नाव दिलं जातं ते बुरशीचं असतं. जगात अशा सुमारे २०,००० जाती आहेत.

दिसण्यावरून ढोबळ गट पडतात: दगडाला किंवा सालीला रंगासारखी चिकटलेली कवची, पानांसारखी पर्णिल, झुडपासारखी किंवा लोंबती क्षुपिल आणि नुसत्या भुकटीसारखी चूर्णिल. सह्याद्रीत नवशिक्याचं लक्ष पर्णिल आणि क्षुपिल शैवाकांकडे जातं, पण जातींची खरी गर्दी कवची गटात असते. सालीवर कोणीतरी बारीक काळ्या रेघांनी मोडी लिहिल्यासारखं दिसलं, तर ते ग्राफिस किंवा त्याचे भाऊबंद.

शैवाक नसलेल्या गोष्टीही आधी ओळखा. पावसाळ्यात घाटातल्या झाडांवर आणि भिंतींवर दिसणारा केशरी मखमली थर बहुतेकदा स्वतंत्र वाढणारं ट्रेंटेपोहलिया शैवाल असतं. चिमूटभर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की नुसते केशरी पेशींचे धागे दिसतात. त्यांना वेढणारी बुरशी नसेल, तर ते आपल्या यादीत येत नाही.

बाहेर पडण्याआधी

वनखात्याच्या ताब्यातल्या जमिनीवरून काडीही उचलायची तर लेखी परवानगी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल, तर नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर काम करायचं असेल तर उन्हाळ्यातच अर्ज टाका. अर्जात जातींची नावं आधी देता येत नाहीत, तेव्हा ‘प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त इतके ग्रॅम’ असं प्रमाण लिहा. मोघम अर्ज परत येतो. गावाच्या हद्दीत काम असेल तर तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला भेटा. लोक जैवविविधता नोंदवहीत शैवाकांचं पान बहुतेकदा कोरं असतं, ते भरायला तुमची यादी उपयोगी पडेल. पुढे अर्कातून उत्पादन किंवा पेटंट काढायचा विचार असेल, तर २००२चा जैविक विविधता कायदा आणि त्यातली २०२३ची दुरुस्ती आधीच वाचून ठेवा. नमुना परदेशी पाठवण्यालाही याच कायद्याचे नियम लागतात.

गडकिल्ल्यांच्या तटांवर, लेण्यांत आणि देवळांच्या दगडांवर शैवाकं भरपूर असतात. तिथे छिन्नी लावायची नाही. संरक्षित वास्तूचा टवका काढणं हा गुन्हा आहे. फोटो काढा आणि तशीच जात वास्तूपासून दूरच्या मोकळ्या कातळावर शोधा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात शैवाकं फुगून हिरवी होतात आणि ओळखू येत नाहीत, शिवाय ओले नमुने दोन दिवसांत कुजतात. एप्रिल-मे महिन्यांत ती इतकी ठिसूळ होतात की हात लावताच चुरा होतो.

पिशवीत हे असू द्या: दहापट आणि वीसपट भिंग, एक इंच रुंदीची सपाट छिन्नी, अर्धा किलोचा हातोडा, जाड पात्याचा चाकू, पाण्याची फवारणी बाटली, मोजपट्टी, पेन्सिल, जीपीएस असलेला फोन, डोळ्यांना गॉगल आणि कागदी पाकिटं. बेसाल्ट फोडताना कपची डोळ्यात उडते, तेव्हा गॉगल हवाच. पाकीट ए-फोर कागदाचं घरीच होतं. खालचा भाग वर दुमडा, वरून झाकण येईल इतकी जागा सोडा, दोन्ही बाजू मागे मुडपा आणि झाकण आत सरकवा. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, आत दमटपणा धरून दुसऱ्या दिवशी वर पांढरी बुरशी येते.

मोजणी

‘दिसेल ते गोळा करा’ या पद्धतीने यादी होते, तुलना होत नाही. दोन ठिकाणं किंवा दोन वर्षं ताडून पाहायची असतील, तर मोजायची चौकट ठरलेली हवी. झाडांसाठी युरोपात वापरली जाणारी शिडीची पद्धत आपल्याकडेही चालते. १० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच दोरीची शिडी घ्या, तिच्यात १० गुणिले १० सेंमीचे पाच चौकोन असतात. जमिनीपासून १ मीटर उंचीवर तिची खालची कड धरून उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चारही बाजूंना लावा. एका झाडावर वीस चौकोन होतात. प्रत्येक जात किती चौकोनांत आहे तेवढं लिहायचं. एका चौकोनात तिचे दहा ठिपके असले तरी गणना एकच.

ठिकाणागणिक निदान दहा झाडं घ्या आणि शक्यतो एकाच जातीची. सालीचा आम्लपणा, खडबडीतपणा आणि पाणी धरण्याची ताकद झाडागणिक बदलते, त्याप्रमाणे शैवाकंही बदलतात. महाबळेश्वरात जांभूळ आणि आंबोलीत आंबा मोजला, तर फरक ठिकाणाचा की झाडाचा, हे सांगता येत नाही. खोडाचा घेर ६० सेंमीहून जास्त असावा, खोड फार कललेलं नसावं आणि त्यावर चुना, गेरू किंवा जाहिरातीचा रंग नसावा. रस्त्याकडेच्या झाडांची निम्मी संख्या इथेच गळते.

शिडीत न सापडणाऱ्या जातींसाठी प्रत्येक ठिकाणी एक तास मोकळा शोध घ्या आणि त्याची यादी वेगळी ठेवा. फांद्यांच्या टोकांवरची शैवाकं खोडावर कधीच दिसत नाहीत. वादळानंतर पडलेल्या फांद्या म्हणजे फुकटात मिळालेला शेंडा, त्या सोडू नका. कोकणात आणि गोव्यात माडाच्या खोडांवर पिक्सिने कोकोएस शोधा. तिचं नावच माडावरून आलं आहे. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली ती लख्ख पिवळी चमकते, कारण तिच्या सालीत लायकेक्झँथोन असतं.

झाडागणिक नव्या जातींची बेरीज आलेखावर मांडत जा. दहाव्या झाडालाही रेघ चढतच असेल, तर नमुने अपुरे आहेत. सपाट होऊ लागली, तर पुढच्या ठिकाणी निघायला हरकत नाही.

नमुना घेणं आणि सांभाळणं

आधी मोजपट्टीसह फोटो, मग पाण्याचा फवारा, मग चाकू. पर्णिल शैवाक कडेकडून सोडवत मध्याकडे या. कवची शैवाक सालीच्या पातळ थरासह किंवा दगडाच्या कपचीसहच काढावं लागतं. नुसतं खरवडलं तर हाती धूळ येते. झाडाची साल कापताना आतल्या जिवंत थरापर्यंत जाऊ नका. जागेवर जेवढं असेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी घ्या आणि एकच ठिपका असेल तर फोटोवर भागवा. कवची जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत असं पुष्कळदा असतं. तळहाताएवढं वर्तुळ तुमच्या आजोबांच्या वयाचं असू शकतं.

पाकिटावर पेन्सिलीने तिथेच लिहा: तारीख, गाव आणि जागा, अक्षांश-रेखांश, उंची, कशावर आहे (झाडाचं नाव, की बेसाल्ट, जांभा, माती), सावली की ऊन, दिशा, गोळा करणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक. ‘झाडावर’ एवढीच नोंद निरुपयोगी. झाड ओळखता आलं नाही तर त्याचं पानही त्याच क्रमांकाने घ्या.

घरी आल्यावर पाकिटं उघडून सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. ओव्हन किंवा ऊन नको. लेप्टोजियम आणि कोलेमासारखी जेलीसारखी शैवाकं दाबून वाळवली तर चपटी होऊन ओळखीबाहेर जातात, त्यांना मोकळंच ठेवा. पूर्ण वाळलेला नमुना प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन दिवस ठेवा, म्हणजे किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर नमुन्यावर दव धरतं आणि पहिले पाढे पंचावन्न. नमुन्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी वापरायची ही एकमेव जागा.

रंगचाचण्या

चार चाचण्यांवर शैवाकशास्त्राची निम्मी ओळखपरेड चालते.

के म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड: १० ग्रॅम गोळ्या १०० मिलि पाण्यात. गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही, कारण द्रावण उकळल्यासारखं तापतं. ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा. काचेच्या बाटलीचं काचेचं बूच चिकटून बसतं. सी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच, पाणी न घालता. केसी म्हणजे एकाच जागी आधी के, लगेच सी. पी म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. याचे दोन-तीन कण अल्कोहोलच्या काही थेंबांत विरघळवून तासाभरात वापरायचे. किंवा १ ग्रॅम पी, १० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि अर्धा मिलि भांडी घासायचं द्रव १०० मिलि पाण्यात मिसळून स्टायनरचं द्रावण करा, ते काही आठवडे टिकतं. पी हाताळताना हातमोजे घाला आणि भुकटी हवेत उडू देऊ नका. काळ्या मेंदीने हात सुजून फोड येतात ते याच रसायनामुळे. सी आणि कुठलंही आम्ल जवळजवळ ठेवू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

चाचणी दोन जागी होते: वरच्या सालीवर आणि आतल्या पांढऱ्या मज्जेवर. मज्जेसाठी ब्लेडने साल हळूच खरवडा, पांढरं दिसलं की थांबा. काचेच्या केशनळीने अगदी छोटा थेंब लावा आणि भिंगातून पाहत राहा. पिवळा होऊन लाल होणारा रंग तीस सेकंदांत बदलतो. दुसऱ्या कामाला वळलात तर मधला टप्पा हुकतो.

आता दगडफुलाचे ढीग काढा. टिंक्टोरमच्या मज्जेवर सी लावलं की लेकॅनोरिक आम्लामुळे लगेच लाल होतं. रेटिक्युलॅटमच्या मज्जेवर के लावलं की आधी पिवळं, मग रक्तासारखं लाल: सॅलाझिनिक आम्ल. पर्लॅटमची मज्जा केने पिवळी ते नारिंगी होते आणि पीने नारिंगी: स्टिक्टिक आम्ल. तिघांच्याही वरच्या सालीवर के पिवळं उमटतं, ते ॲट्रॅनोरिनचं. भिंतीवरच्या केशरी कॅलोप्लाकावर के टाकलं तर जांभळट लाल होतं. तिथे पॅरिएटिनसारखी अँथ्राक्विनोनं असतात. नॉरस्टिक्टिक आम्लही केने लाल होतं, पण काचपट्टीवर पातळ छेदात के सोडलं तर त्याचे लाल सुयांसारखे स्फटिक दिसतात.

काहीच रंग आला नाही तर तीन शक्यता असतात. पदार्थच नाही, द्रावण मेलेलं आहे, किंवा थेंब मज्जेपर्यंत पोचलाच नाही. सी उघड्या बाटलीत काही दिवसांत निकामी होतं. म्हणून रोज कामाला बसताना टिंक्टोरमच्या तुकड्यावर सी आणि रेटिक्युलॅटमच्या तुकड्यावर के लावून पाहा. लाल झालं तरच पुढे चला. अभ्यासाची पुडी अशी वर्षभर पुरते.

खोलात जायच्या आधीची एक बिनखर्ची चाचणी म्हणजे नख. कवची शैवाक नखाने हलकं खरवडलं आणि खाली गवती हिरवं दिसलं, तर जोडीदार साधं हिरवं शैवाल. पिवळसर नारिंगी दिसलं तर ट्रेंटेपोहलिया. एवढ्यानेच लक्षणांवरून जात ओळखायच्या तक्त्यातली अर्धी पानं उलटता येतात.

छेद आणि बीजाणू

कवची जातींचं नाव बीजाणूंशिवाय लागत नाही. फळ (बशीसारखं अपोथेसियम, कुपीसारखं पेरिथेसियम किंवा ग्राफिसची रेघ) पाण्याने ओलं करा आणि नवीन दाढीच्या ब्लेडने उभे पातळ काप घ्या. दहा कापांतला एखादाच कामाचा निघतो, हे धरूनच चाला. आधी साध्या पाण्यात पाहा, मग कडेने के सोडा, म्हणजे पेशी मोकळ्या होतात. बीजाणू जिच्यात तयार होतात त्या एका पिशवीत (ॲस्कस) ते किती (बहुधा आठ), रंगहीन की तपकिरी, आडवे पडदे किती की विटांच्या भिंतीसारखे आडवे-उभे, हे लिहा. निदान वीस बीजाणू मोजा, पिशवीतून बाहेर पडलेले. पिशवीतले कच्चे बीजाणू मोजले तर लांबी कमी भरते आणि तक्ता भलत्याच जातीकडे नेतो. आयोडीनने निळं होतं का तेही पाहा, मात्र केनंतर लगेच आयोडीन घालणार असाल तर मधे पाण्याने धुवा.

नाव शोधायला धरणीधर अवस्थी यांचे भारतीय शैवाकांचे तक्ते अजूनही आधार आहेत. महाराष्ट्रासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी केलेलं काम आणि तिथला संग्रह पाहायलाच हवा. तक्त्यातलं नाव आणि आजचं नाव वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही लिहा.

पातळ थर वर्णलेखन

रंगचाचणी पदार्थाचा गट सांगते, पातळ थर वर्णलेखन (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे अर्कातले पदार्थ सिलिकाच्या पट्टीवर वेगळे करायची पद्धत) पदार्थाचं नाव सांगतं. चूर्णिल आणि फळ नसलेल्या कवची जातींना तर दुसरा मार्ग नाही.

पाच मिलिमीटरचा स्वच्छ तुकडा छोट्या काचनळीत घ्या. शेवाळ किंवा शेजारच्या जातीचा कण आत जाऊ देऊ नका, तो स्वतःचे ठिपके उमटवतो. त्यावर ॲसिटोनचे दोन-तीन थेंब घालून पाच मिनिटं थांबा. सिलिका जेल ६० एफ२५४ पट्टीवर खालून १.५ सेंमीवर पेन्सिलीने फिकी रेघ ओढा (शाई द्रावकाबरोबर वर चढते) आणि १ सेंमी अंतराने केशनळीने ठिपके द्या. ठिपका वाळू देत तीन-चार वेळा त्याच जागी लावा, व्यास ३ मिलिमीटरहून मोठा नको. दोन्ही टोकांना आणि मध्यभागी तुलनेसाठी ॲट्रॅनोरिन आणि नॉरस्टिक्टिक आम्ल असलेल्या ओळखीच्या शैवाकाचा अर्क लावा.

द्रावक ए: टोल्युइन, डायॉक्सेन आणि ॲसेटिक आम्ल १८०:४५:५. द्रावक सी: टोल्युइन आणि ॲसेटिक आम्ल १७०:३०. टाकीत अर्धा सेंमी उंचीपर्यंत द्रावक भरा, भिंतीला गाळण कागद लावून वाफ भरू द्या आणि मगच पट्टी उभी करा. द्रावक १० सेंमी चढला की पट्टी काढून वाळवा. हे सगळं वाफ ओढून घेणाऱ्या वायुवीजन कपाटात (फ्यूम हूड), खोलीत नाही. वाळल्यावर २५४ आणि ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात ठिपक्यांभोवती पेन्सिल फिरवा. मग पाण्याचा हलका फवारा द्या. मेदाम्लं असतील तिथे पाणी न धरणारे कोरडे पांढरे डाग उठतात. शेवटी १० टक्के गंधकाम्ल फवारून ११० अंशांवर दहाएक मिनिटं तापवा आणि रंग लगेच टिपा, दुसऱ्या दिवशी ते काळवंडतात.

द्रावक एमध्ये नॉरस्टिक्टिक साधारण ४० टक्के उंचीवर आणि ॲट्रॅनोरिन ७५च्या आसपास येतं. आपल्या आकड्यांपेक्षा या दोघांच्या तुलनेत आपला ठिपका कुठे आहे, ते महत्त्वाचं. कोकणातल्या दमट हवेत सिलिका पाणी धरते आणि सगळेच ठिपके सरकतात, म्हणून पट्टी वापरण्याआधी ११० अंशांवर दहा मिनिटं ठेवा. ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी आली तर अर्क जास्त झाला, पातळ करून पुन्हा लावा.

अर्क

औषधी गुणांच्या चाचणीसाठी एका जातीचं निदान १० ग्रॅम कोरडं वजन लागतं. अस्नियासारख्या हलक्या जातीचे त्यासाठी ढीगभर गुच्छ लागतात. म्हणून पडलेल्या फांद्यांवरचं आणि त्या भागात मुबलक असलेलंच घ्या. दुर्मीळ जातीचा अर्क काढण्यात शहाणपण नाही. हाती काही लागलं तरी पुढच्या वेळी आणणार कुठून?

साल, शेवाळ आणि माती चिमट्याने वेचा. कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १० ग्रॅमची भुकटी १०० मिलि ॲसिटोनमध्ये अंधाऱ्या जागी, खोलीच्या तापमानाला २४ तास हलवत ठेवा, गाळा आणि आणखी दोनदा ताजं ॲसिटोन घालून करा. तिन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करून ४० अंशांच्या आत द्रावक उडवा. मिथेनॉलने सुरुवात करू नका. लेकॅनोरिकसारखी डेप्साइडं त्यात, विशेषतः गरम असताना, फुटून मिथाइल एस्टर बनतात आणि शैवाकात नसलेला पदार्थ ‘सापडतो’. वाळलेल्या अर्काचं वजन, टक्केवारी आणि वर्णलेखनाची पट्टी एकत्र नोंदवा. अस्नियाच्या अर्कातून पुन्हा स्फटिक केले तर पिवळ्या सुयांचं अस्निक आम्ल मिळतं. ते सुमारे २०४ अंशांवर वितळतं.

जीवाणूंवरची चाचणी सुसज्ज सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतच करा, घरी किंवा शाळेत स्टॅफिलोकोकस वाढवायचा नसतो. पेपर डिस्कभोवतीचं वर्तुळ मोजणं सोपं असलं, तरी शैवाकांची संयुगं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत आणि अगारमध्ये पसरत नाहीत. चांगला अर्कही तिथे नापास होतो. म्हणून ९६ खळग्यांची पट्टी घ्या. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात ५१.२ मिलिग्रॅम प्रतिमिलि असा साठा करा, डीएमएसओमध्येच निम्मा-निम्मा करत नऊ पायऱ्या काढा आणि प्रत्येक पायरी म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवायचं द्रव) पन्नासपट पातळ करा. खळग्यात यातले ५० मायक्रोलिटर आणि जीवाणूंचे ५० मायक्रोलिटर घाला. जीवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंड या गढूळपणाच्या प्रमाणाला जुळवून शंभरपट पातळ केलेलं असावं. शेवटी ५१२ ते २ मायक्रोग्रॅम प्रतिमिलि अशी मालिका मिळते आणि डीएमएसओ सगळीकडे १ टक्काच राहतो. उरलेल्या तीन स्तंभांत अर्काविना जीवाणू, १ टक्का डीएमएसओसह जीवाणू आणि नुसतं ब्रॉथ. माहीत असलेलं प्रतिजैविक वेगळ्या ओळीत.

३५ अंशांवर १६ ते २० तासांनी वरच्या खळग्यांत पांढुरकं दिसलं तर घाईने ‘वाढ’ लिहू नका. बऱ्याचदा अर्कच साका होऊन बसलेला असतो. रेझाझुरिन घाला: जिवंत जीवाणू ते निळ्याचं गुलाबी करतात, साका करत नाही. अस्निक आम्ल स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर चालतं आणि ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्हवर जवळजवळ नाही. तुमचा अस्नियाचा अर्क दोन्हींवर सारखाच चालताना दिसला, तर आधी डीएमएसओचा स्तंभ तपासा.

डीपीपीएच हे जांभळं रसायन वापरून ५१७ नॅनोमीटरवर केलेली प्रतिऑक्सिडीकरण चाचणी स्वस्त म्हणून सगळेच करतात. रंगीत अर्क स्वतःच प्रकाश शोषतो, तेव्हा प्रत्येक पातळीला डीपीपीएच नसलेला कोरा नमुना लावून तो आकडा वजा करा. तरीही ते बाटलीतलं रसायन आहे, त्यावरून रोगाविषयी काही लिहू नका.

त्याच मात्रांवर माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशींवरची विषारीपणाची चाचणीही लावा. जीवाणू मारणारी मात्रा आणि पेशी मारणारी मात्रा जवळ असतील तर औषध म्हणून त्या अर्काला अर्थ नाही. अस्निक आम्लाचाच दाखला घ्या. अमेरिकेत ते वजन घटवायच्या गोळ्यांतून विकलं गेलं, घेणाऱ्यांची यकृतं निकामी होऊ लागली आणि नोव्हेंबर २००१मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लिपोकायनेटिक्स या गोळ्यांविरुद्ध इशारा दिला. फोडणीत चिमूटभर दगडफूल आणि गाळलेला, आटवलेला अर्क यांत हा फरक आहे. वाचणाऱ्याला काढा करून प्यायचा सल्ला कुठल्याही अहवालात देऊ नका.

संदर्भ नमुना

ज्या ढिगातून अर्क काढला त्यातलाच एक अखंड तुकडा, दळायच्या आधी, क्रमांकासह बाजूला काढा. त्याचे दोन भाग करा: एक पुण्याच्या आघारकर संस्थेच्या अजरेकर संग्रहात, दुसरा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत. पाठवण्याआधी तिथे विचारून घ्या, नोंदणी क्रमांक मिळाला की तो लेखात छापा. पाकिटात रंगचाचण्यांचे निकाल, वर्णलेखनाचे ठिपके आणि बीजाणूंची मापं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. डीएनएसाठी तुकडा घेतला असेल तर तेही लिहा; शैवाकावर वाढणाऱ्या परक्या बुरशीचाच क्रम येण्याची भीती असते, म्हणून तो पाळीच्या कोवळ्या, स्वच्छ टोकाचा घ्यायचा. पुढे कोणी नाव बदललं, तर जुनी चिठ्ठी खोडायची नाही. नवं नाव, तारीख आणि ठरवणाऱ्याचं नाव लिहिलेली दुसरी चिठ्ठी तिच्याखाली लावायची.